जहाजावर जाताना लाजू नका, विचारा



अंबरनाथच्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचे पती पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले. थोरला मुलगा शिकला, चांगल्या नोकरीला लागला. त्याने आईबापांसाठी मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची क्रूझची तिकिटे काढली. सोबत ७८ वर्षांच्या सासूबाई आणि सहा वर्षांची नात. ताई लिहितात : "पोराचे मन मोडवत नाही, पण पोटात गोळा येतो. तिथे सगळे इंग्रजी बोलणारे असतील, काटे-चमचे असतील. आमचे हे म्हणतात, तिकिटाचे पैसे गेले ते गेले, वर आणखी किती जातील? सासूबाई म्हणतात, बोट बुडते. आम्ही जावे की नको?"

ताई, जरूर जा. ज्या माणसाने जन्मभर शहराचा कचरा उचलला, त्याने दोन दिवस समुद्राचा वारा खाल्ला तर कोणाचे काही बिघडत नाही. तिकीट घेतलेला प्रत्येक माणूस तिथे सारखा. मात्र एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. जहाजावर संकोच महाग पडतो. विचारले नाही म्हणून बिल वाढते, विचारले नाही म्हणून औषध चुकते, आणि कधी कधी विचारले नाही म्हणून जीवावर बेतते. म्हणून या वेळी सदरात जहाजाच्या प्रवासाची माहिती देत आहोत. पुढे कोणाला तरी ती उपयोगी पडेलच.

निघण्यापूर्वी

पहिले काम कागदपत्रांचे. देशातल्या देशात जाणाऱ्या जहाजालाही फोटो असलेले मूळ ओळखपत्र लागते. आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालते. झेरॉक्सवर भागेल असे धरून चालू नका. नातीचेही ओळखपत्र घ्या. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच आहे ना, हे आजच पाहा. आपल्याकडे बायकांचे नाव एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे असते. ही गडबड बंदरावर नव्हे, घरी असतानाच निस्तरावी. जहाज परदेशी जाणारे असेल तर पासपोर्ट लागतो, आणि त्याची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक असावी. घरात कोणी गरोदर असेल तर तिकीट काढण्यापूर्वीच विचारा. बहुतेक कंपन्या २४ आठवडे झालेल्या गरोदर बाईला आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत.

मुंबईत क्रूझ सुटते ती बॅलार्ड पिअरहून. टॅक्सीवाल्याला नुसते "धक्क्यावर चल" म्हणाल तर तो तुम्हाला भाऊच्या धक्क्यावर, रेवस-मोऱ्याच्या लाँचकडे नेऊन सोडील. तिकिटावरचे ठिकाण आणि गेट वाचून दाखवा. जहाज सुटण्याच्या वेळेला पोहोचून उपयोग नाही. तपासणीची खिडकी त्याच्या बऱ्याच आधी बंद होते. लोकल अडकू शकते हे तुम्हाला सांगायला नको. दोन तास हाताशी ठेवून निघा.

बंदरावर मोठ्या बॅगा हमालांकडे दिल्या की त्या जहाजावर तुमच्या खोलीपर्यंत पोहोचायला काही तास लागतात. म्हणून रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्रे, पैसे आणि नातीचा एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्तीच्या घ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा. कोणी इन्सुलिन घेत असेल तर ते थंड ठेवायची सोय काय, हे चढल्याबरोबर विचारा.

इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, किटली, चाकू, लायटर, मेणबत्त्या घरी ठेवा. हे तपासणीत काढून घेतात, आणि ते बरोबरच आहे. भर समुद्रात पाणी चहूकडे असते, पण अग्निशमनाचा बंब बोलावता येत नाही. खलाशी वादळापेक्षा आगीला जास्त भितात. घरचा शिजवलेला डबा आणि बाहेरची दारूही सहसा आत नेऊ देत नाहीत. पोळी-चटणी बांधून घ्यायची आपली सवय असते, पण या खेपेला ती मोडा. जेवण तिकिटात धरलेलेच असते.

सासूबाईंची भीती

सासूबाई मूळच्या रेवदंड्याच्या, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना 'रामदास' बोटीची हकीकत सांगितलेली आहे, असे ताई लिहितात. त्यांची भीती वेडेपणाची नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरच्या गावांत तो दिवस अजून विसरलेले नाहीत. सासूबाईंना "तुम्हाला काय कळतंय" असे म्हणून गप्प करू नका. त्यांना खरे काय ते सांगा.

'टायटॅनिक' १९१२ मध्ये बुडाली तेव्हा तिच्यावर सगळ्यांना पुरतील इतक्या बचाव होड्या नव्हत्या. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि पुढे तो वेळोवेळी सुधारत गेला. आज मोठ्या प्रवासी जहाजावर प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आणि बचावाच्या साधनात जागा असावी लागते. पण नियम कागदावर असून भागत नाही. जॅकेट कुठे आहे आणि कुठे जमायचे, हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

म्हणून जहाजावर चढल्यावर सुरक्षेची कवायत होते. तिला 'मस्टर ड्रिल' म्हणतात. पुष्कळ लोक तिला कंटाळतात. कोणी फोटो काढत बसतात, कोणी जेवणाच्या रांगेत शिरतात. तुम्ही तसे करू नका. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतील जिलियो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळले. जहाजावर चार हजारांहून अधिक माणसे होती, त्यातली ३२ दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती २४ तासांच्या आत घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच कवायत घ्यावी लागते.

कवायतीत तीन गोष्टी शिकून घ्या. एक, आपली जमण्याची जागा कोणती. तिचा क्रमांक किंवा अक्षर आपल्या कार्डावर किंवा खोलीच्या दारामागे लिहिलेले असते. दोन, लाइफ जॅकेट कुठे ठेवले आहे आणि कसे बांधायचे. नातीसाठी लहान मापाचे वेगळे मागून घ्या. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते. तीन, धोक्याचा भोंगा कसा वाजतो. सात किंवा जास्त आखूड आणि शेवटी एक लांब. हा ऐकला की सामान न घेता, लिफ्ट न वापरता, जिन्याने जमण्याच्या जागी जायचे. सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत असतील. समजल्या नाहीत तर हात वर करा आणि "पुन्हा सांगा" म्हणा. त्यात कमीपणा काही नाही. ज्याला कळले नाही आणि जो गप्प बसला, तोच खरा अडचणीत येतो.

कवायत संपली की खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंत सासूबाईंना आणि नातीला एकदा चालत घेऊन जा. दारे मोजा, जिना बघा. पायाखालची वाट ओळखीची झाली की भीती निम्मी उतरते. सासूबाईंना चालवत नसेल तर चाकाच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच मागावी, आणि संकटाच्या वेळी मदत लागेल हे चढल्यावर कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावे.

जहाजावर वावरताना

जहाज हलते. चालताना एक हात कठड्याला असू द्या. काही दारांचे उंबरे उंच असतात, न्हाणीघरातही पायरी असते. तिथे म्हातारी माणसे ठेचकाळतात. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. साडी, पातळ, नऊवारी, काहीही नेसा, फक्त जिन्यावर पदर आवरा. वातानुकूलित हवेत थंडी वाजते, एक शाल ठेवा. नातीला फोटोसाठी कठड्यावर कधीही बसवू नका, आणि बाल्कनीची खोली असेल तर तिथे तिला एकटी सोडू नका. कोणी पाण्यात पडलेले दिसले तर तिथून हलू नका. मोठ्याने ओरडा, जवळचे तरंगते कडे फेका, आणि त्या माणसाकडे बोट रोखून धरा. लाटांत माणसाचे डोके क्षणात दिसेनासे होते, म्हणून नजर काढू नका. दुसऱ्याला कर्मचाऱ्याकडे पळवा.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ठरलेल्या जागीच ओढावी. थोटूक समुद्रात भिरकावले तर वारा ते खालच्या बाल्कनीत आणून टाकतो. २३ मार्च २००६ रोजी 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाला जमैकाजवळ आग लागली, बाल्कन्यांच्या रांगा जळाल्या आणि एक प्रवासी दगावला. बाल्कनीत पडलेले सिगारेटचे थोटूक हेच चौकशीत त्याचे संभाव्य कारण ठरले. ओले कपडे कठड्यावर वाळत घालू नका, आणि वेफरचे पाकीटही पाण्यात टाकू नका. समुद्रात प्लास्टिक टाकायला जहाजांना आंतरराष्ट्रीय नियमाने बंदी आहे.

बोट लागणे, म्हणजे मळमळ आणि उलट्या, याचा फार बाऊ करू नका. थंडीच्या दिवसांत आपल्या बाजूचा समुद्र बराच शांत असतो. खोली निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधली घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात. बंद खोलीत मोबाइल बघत पडू नका. उघड्यावर येऊन दूर क्षितिजाकडे पाहा. पोट रिकामे ठेवू नका आणि तट्ट भरूही नका. कोरडी बिस्किटे, आल्याचा तुकडा चालतो. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. मात्र म्हाताऱ्या माणसांना या गोळ्यांनी गुंगी येते, लघवी अडते, म्हणून सासूबाईंसाठी आपल्या डॉक्टरला आधीच विचारा.

जेवणाच्या जागी हात साबणाने धुऊनच बसा. दारापाशी जे बाटलीतले सॅनिटायझर देतात, त्याने जहाजावर पसरणाऱ्या जुलाब-उलटीच्या नोरोव्हायरसचा नीट बंदोबस्त होत नाही. त्याला साबण आणि वाहते पाणीच पाहिजे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लपवू नका, दवाखान्याला कळवा. जहाजावर डॉक्टर असतो. त्याची फी पडू शकते, ती आधी विचारा आणि पावती मागून घ्या. मुलाने प्रवासाचा विमा काढला असेल तर त्याचा कागद सोबत ठेवा.

आणि काटे-चमचे? ताई, भात हाताने खाल्ला म्हणून कोणी तिकीट परत मागत नाही. ताट घ्यावे, रांगेत उभे राहावे, हवे तेवढेच वाढून घ्यावे, लागले तर पुन्हा जावे. तिखट मागा, शाकाहारी-मांसाहारी कोणते ते विचारा. साखर असलेल्यांनी मात्र गोडाच्या टेबलाकडे एकदाच बघावे.

बिल कुठे वाढते?

यजमानांची शंका रास्त आहे. जहाजावर रोख पैसे सहसा चालत नाहीत. चढताना एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळख आणि तेच पाकीट. कार्ड दाखवले की खर्च नावावर चढतो, आणि हातातून नोट जात नसल्याने कळत नाही. म्हणून पहिल्याच संध्याकाळी स्वागत कक्षात जाऊन सरळ विचारा, "आमच्या तिकिटात काय काय आहे आणि कशाचे पैसे वेगळे पडतील?" साधारणपणे खोली, मुख्य जेवणघर आणि करमणुकीचे कार्यक्रम तिकिटात असतात. दारू, बरीचशी शीतपेये, खास हॉटेले, मालिश, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली यांचे वेगळे पडतात. चढताना फोटोग्राफर हार घालून फोटो काढतात. तो काढू द्या, पण विकत घ्यायचे बंधन नाही. नातीचे कार्ड खर्चासाठी बंद करून ठेवायला सांगा.

जहाजावर जुगाराचे टेबलही असते. तिथे जन्मभराच्या कष्टाचा पैसा पाच मिनिटांत जातो. त्या बाजूला न गेलेले बरे. किनारा दूर गेला की मोबाइल 'एअरप्लेन मोड'वर टाका. काही जहाजांवर फोन आपोआप उपग्रहाच्या जाळ्याला जोडला जातो आणि रोमिंगचे मोठे बिल येते.

बिल रोज संध्याकाळी पाहा. न घेतलेले काही चढले असेल तर त्याच दिवशी सांगा. उतरायच्या सकाळी तिथे लांब रांग लागते आणि लोक "जाऊ द्या" म्हणून भरून मोकळे होतात. सेवा शुल्क आधीच लावले आहे का, तेही विचारा. लावले असेल तर बक्षिसी देण्याची सक्ती नाही.

पण कर्मचाऱ्यांशी दोन शब्द गोड बोला. खोली झाडणारा, ताट उचलणारा मुलगा गोव्याचा, रत्नागिरीचा किंवा आपल्या शेजारच्या वस्तीतलाही असू शकतो. ही पोरे महिनोन् महिने घरापासून दूर, सुट्टीशिवाय रोज राबतात. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांच्यासाठी २४ तासांत किमान १० तास विश्रांती ठरवून दिली आहे. यावरून उरलेल्या तासांची कल्पना करा. झाडू हातात धरण्याचे कष्ट ताईंच्या घराला कोणी शिकवायला नकोत. त्या मुलाला नावाने हाक मारा, त्याचे आभार माना.

किनाऱ्यावर उतरल्यावर

गोव्यात मोठी जहाजे मुरगाव बंदराला, म्हणजे वास्कोजवळ लागतात. लोकांच्या डोक्यात गोवा म्हणजे पणजी आणि कळंगुट. तिथून पणजी सुमारे ३० किलोमीटर, कळंगुट त्याच्याही पुढे. जहाजावर परतायची शेवटची वेळ सुटण्याच्या वेळेआधी अर्धा-एक तास असते. ती विचारून कागदावर लिहून घ्या आणि घड्याळ जहाजाच्या घड्याळाशी लावा. जहाज पाचला सुटणार असेल, तर चारला आत पाहिजे, म्हणजे पणजीहून दोनच्या सुमारास निघालेच पाहिजे. इतक्यात सगळा गोवा होत नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन एकच ठिकाण धरावे. जवळचा बोगमाळ्याचा किनाराही चांगला आहे.

कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. धक्क्यावरची वेळ आणि वाट दाखवणारा पायलट ठरलेला असतो, एका कुटुंबासाठी तो बदलत नाही. कंपनीची सहल महाग असते, टॅक्सी स्वस्त पडू शकते. पण स्वस्त निवडली तर घड्याळ तुम्हीच सांभाळायचे. टॅक्सीचे भाडे जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट आधी ठरवा, गाडीचा नंबर लिहून घ्या, आणि पूर्ण पैसे परत आल्यावरच द्या.

उतरताना प्रत्येकाजवळ जहाजाचे कार्ड, ओळखपत्र आणि जहाजाच्या बंदरावरील एजंटचा फोन नंबर असावा. तो रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर असतो, नसेल तर मागून घ्या. जहाज चुकलेच तर सर्वांत आधी त्याला फोन करा. नातीच्या खिशातही एक चिठ्ठी ठेवा. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिण्यास २०१९ पासून दंड आहे. लाल बावटा असेल तिथे पाण्यात पाऊलही टाकू नका. जीवरक्षक शिट्टी वाजवतो ती आपल्याच पोरांसाठी.

पुढे कधी लक्षद्वीपला गेलात तर तिथे प्रवेशाचा परवाना लागतो. तो कंपनी काढते की आपण, हे तिकिटाआधीच विचारा. मोठे जहाज तिथे दूर नांगर टाकते आणि लहान होडीतून उतरावे लागते. होडीत पाय टाकताना खलाशाचा हात धरा, हातात पिशवी नको. तिथले प्रवाळ उचलून आणणे गुन्हा आहे. हवामान बिघडले तर कप्तान बंदर गाळू शकतो. त्याच्याशी भांडू नये. तो जीवाचा हिशेब करत असतो.

शेवटची रात्र

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या रातोरात नेतात. हौसेने सगळे कपडे बॅगेत भरून दाराबाहेर ठेवणारे आणि सकाळी रात्रीच्याच कपड्यांत उतरणारे प्रवासी कमी नाहीत. सकाळचे कपडे, चपला, गोळ्या, कवळी, ओळखपत्रे आधी बाजूला काढा, मगच बॅग बंद करा.

ताई, हे सगळे वाचून घाबरू नका. एका कागदावर दहा प्रश्न लिहून घ्या आणि चढल्यावर एकेक विचारत जा. पहिला प्रश्न विचारताना जीभ अडखळेल, तिसऱ्याला अडखळणार नाही. तुमच्या मुलाने तिकीट काढले ते आईबापांनी खोलीत अंग चोरून बसावे म्हणून नव्हे. पहाटे सासूबाईंना शाल पांघरून डेकवर न्या आणि उगवता सूर्य दाखवा. त्यांच्या वडिलांनी समुद्राची एक गोष्ट त्यांना सांगितली. आता त्यांनी दुसरी आपल्या पणतीला सांगावी.

परत आल्यावर पत्र जरूर टाका. काय आवडले आणि आमच्या या माहितीत काय राहून गेले, तेही कळवा. पुढच्या वाचकांना त्याचा उपयोग होईल.